तो फळा मी पुसला होता

आज सकाळी प्रार्थनेनंतर फोन हातात घेतला, तर एका परिचित ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचे आवाहन आलेले होते. कंबोडियाला दहा दिवसांची मिशन यात्रा, बावीस जण, विमानभाड्यासाठी हातभार लावावा अशी विनंती आणि खाली दिवसवार कार्यक्रम. चार दिवस सकाळी एका गावच्या शाळेत ‘इंग्रजी अध्यापन सेवा’. उरलेल्या वेळात अंगकोर वाटच्या मंदिरापाशी सूर्योदय, बायोनचे मंदिर, तोन्ले साप सरोवरातली नौकासफर, सिएम रीप शहराचा रात्रीचा बाजार आणि शेवटी राजधानी नॉम पेन्ह. सहलीची ठिकाणे इतकी असूनही पत्रकावर छायाचित्र मात्र एका अनवाणी मुलीचे आहे. ते पाहून माझे डोके तडकले आणि दिवसभर कशात मन लागले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

२०१४ च्या जानेवारीत मी अशाच एका संघाबरोबर त्याच भागात गेले होते. आम्ही चौदा जण होतो. मी बँकेत नोकरी करणारी, दोघे अभियंते, बाकी महाविद्यालयातली मुले. आमच्यात शिक्षक एकही नव्हता, आणि ही गोष्ट निघण्यापूर्वीच्या तीन महिन्यांच्या तयारीत एकदाही कोणाला खटकली नाही, मलाही नाही. गाणी बसवली, रंगांचे आणि प्राण्यांचे तक्ते केले, साक्ष कशी द्यायची, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव कसा सांगायचा, याचा सराव केला. शाळेला मात्र तुमचा कोणता धडा चालू आहे, हे विचारले नाही.

पहिल्या सकाळी वर्गात शिरले तेव्हा फळा भरलेला होता. कोपऱ्यात तारीख, त्याखाली पांढऱ्या खडूने काढलेली पाच मोठी अक्षरे, त्यांच्यावर त्या लिपीत असते तशी केसांच्या बटेसारखी वळणे, आणि खाली आखलेल्या ओळींत तीच अक्षरे लहान करून पुन्हा पुन्हा लिहिलेली. मला सफरचंद काढायचे होते. मी कापडाचा बोळा उचलला आणि सगळा फळा पुसून टाकला. दारात वर्गाचे शिक्षक उभे होते. त्यांचा हात थोडा वर आला आणि पुन्हा खाली गेला. ते हसले, मागच्या बाकावर जाऊन बसले आणि चारही दिवस तिथेच बसून राहिले. मुले आधी त्यांच्याकडे पाहत, मग माझ्याकडे.

मुले त्यांना ‘लोक क्रू’ म्हणत. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत शिक्षकाला क्रू म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘गुरु’चाच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आभार कसे मानायचे, तेवढा एक शब्द विमानात पाठ करून आम्ही उतरलो होतो.

आमच्या अध्यापन सेवेत काय झाले, तेही सांगते. मी लाल रंगाचा तक्ता वर धरण्याआधीच पहिल्या बाकावरच्या मुलीने इंग्रजीत ‘लाल’ म्हटले. निळा धरण्याआधी ‘निळा’. तिला क्रम पाठ होता, कारण आमच्या आधी आलेल्या संघांनीही तेच तक्ते याच क्रमाने दाखवले होते. आम्ही त्याला आमचे यश समजलो, टाळ्या वाजवल्या, छायाचित्रे काढली. प्रत्येक संघ पहिल्या धड्यापासून सुरू करतो आणि दुसऱ्या धड्यावर विमान पकडतो. ती मुलगी वर्षानुवर्षे लाल-निळ्याच्या पुढे गेलीच नसेल, आणि त्या प्रत्येक वेळी कोणीतरी लोक क्रूंचा फळा पुसला असेल.

मुलांना मजा आली, हे मान्य. सिएम रीपमध्ये पर्यटनावर पोट भरते आणि हॉटेलात, रिक्षात, वाटाड्याच्या कामात इंग्रजी लागते, हेही खरे. पण ज्या गोष्टीवर एखाद्या मुलाचे पुढचे पोट अवलंबून आहे, ती चार सकाळींत, अध्यापनाचा गंध नसलेल्या माणसांनी शिकवावी, हे आपण आपल्या मुलांच्या बाबतीत चालवून घेऊ का? परदेशातून चौदा अनोळखी माणसे येऊन आपल्या मुलीच्या शाळेचे वर्ग ताब्यात घेऊ लागली, तिला मांडीवर बसवून छायाचित्रे काढू लागली आणि ती जगभर दाखवू लागली, तर आपण त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहू. त्या गावातल्या आईबापांनाही दार आहे. आपण ते ठोठावत नाही, एवढेच.

पाचव्या दिवशी आमचे स्थलदर्शन सुरू झाले. इथे मला काही कबूल करायचे आहे, कारण त्या यात्रेत मी जे थोडेफार शिकले ते शाळेत नव्हे, मंदिरात शिकले. लोलेई नावाचे एक विटांचे देवस्थान आहे, इसवी सन ८९३ मधले. त्याच्या दारांच्या दगडी चौकटींवर बारीक अक्षरांत लेख कोरलेले आहेत. आमचा वाटाड्या त्यांवरून बोट फिरवत सांगत होता, की ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून आली, आणि आजही मुले शाळेत वर्णमाला क, ख, ग, घ, ङ याच क्रमाने शिकतात. उच्चार निराळे झाले, क्रम तोच राहिला. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्याने माझ्या वहीत ती पाच अक्षरे लिहून दाखवली.

मी ती ओळखली. मी पुसलेल्या फळ्यावर तीच होती. जी मालिका मी लहानपणी पाटीवर गिरवली, तीच लोक क्रूंनी त्या सकाळी मुलांसाठी लिहून ठेवली होती, आणि मी सफरचंदासाठी ती पुसली.

परतीच्या वाटेवर नॉम पेन्हला तुओल स्लेंग पाहिले. ती मुळात शाळा. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, तिथे तुरुंग आणि छळछावणी होती. त्या वर्षांत देशातल्या शाळा बंद पाडल्या गेल्या, शिकलेल्या माणसांना वेचून मारले आणि शिक्षकांची एक पिढी जवळजवळ संपली. लोक क्रू पन्नाशीच्या पुढचे होते. म्हणजे त्यांच्या ऐन शिकायच्या वयात काही वर्षे त्यांच्या देशात शाळाच नव्हती. अशा माणसाने पुढे शिक्षक होऊन, सकाळी लवकर येऊन फळा लिहून ठेवावा आणि मी तो पुसावा! एवढी वर्षे झाली, पण तो वर येऊन खाली गेलेला हात आठवला की आजही मला घास गोड लागत नाही.

ज्या परंपरेचे नाव घेऊन आपण निघतो, तिच्यात वेगळी माणसेही होऊन गेली. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले, तिच्यात ओव्या रचल्या, सदतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, ख्रिस्तपुराण छापले आणि १६१९ मध्ये इथेच देह ठेवला. त्या काळच्या मिशनकार्यात पुष्कळ काही चुकीचे घडले, ते मी नाकारत नाही. पण निदान आधी शिकायचे आणि मग बोलायचे, हे त्यांना कळत होते.

मला फिरण्याचा राग नाही. अंगकोर पाहावेच. स्वतःच्या पैशाने जावे, प्रवासाला प्रवास म्हणावे आणि चार दिवस जास्त राहावे. लोकांकडून सेवेच्या नावाने पैसे घ्यायचे आणि देवळांच्या यादीत एक शाळा घुसवायची, यात खोटेपणा आहे.

इथवर लिहून होते तोच त्या संघातल्या एका मुलीचा निरोप आला. ती आमच्या रविवार शाळेत माझ्या हाताखाली वाढलेली. ‘मावशी, मी पहिल्या पगारातून तिकीट काढले आहे. तिथल्या मुलांसाठी काय नेऊ?’ मी रागाने लांबलचक उत्तर लिहिले आणि पाठवण्याआधी पुसून टाकले. तिचे मन स्वच्छ आहे. माझेही होते. त्या वेळी मला कोणी चार शब्द सांगितले असते, तर मी ऐकले असते, असे वाटते.

मग तिला लिहिले, की काही नेऊ नकोस. संघप्रमुखांकडून शाळेला आजच पत्र पाठवून घे आणि कोणता धडा चालू आहे, तुमची गरज तरी आहे का, हे विचारा. नको म्हणाले तर जाऊ नका. हो म्हणाले तर पुढे त्यांचे शिक्षक उभे राहू देत, तू मागच्या बाकावर बस, आणि त्यांनी सांगितले तरच उठून वाचून दाखव. मुलांची छायाचित्रे काढू नकोस. मी विमानभाड्याला पैसे देणार नाही, हेही तिला स्पष्ट कळवले. शाळेने स्वतःहून काही मागितले, तर त्यासाठी देईन. शेवटी लोक क्रूंच्या फळ्याची हकिगत लिहिली.

बराच वेळ उत्तर आले नाही. मला वाटले, दुखावली. आत्ता, रात्री, तिचा निरोप आला आहे: ‘मावशी, ती पाच अक्षरे मला पाठवाल का? जाण्याआधी गिरवून ठेवते.’

वही कपाटाच्या तळाशी सापडली. वाटाड्याने पेन्सिलीने लिहिलेले पान पुसट झाले आहे, पण वाचता येते. त्याचे छायाचित्र काढून तिला पाठवले आहे.