टिस देवनारला नाही, नागपाड्यात सुरू झालं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तो फॉरवर्ड आला, टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) देवनारच्या कॅम्पसचा फोटो आणि खाली '1936 साली टाटांनी इथेच टिस सुरू केली'. साल बरोबर आहे हो, पण जागा चुकली, आणि 'इथेच' म्हणायला देवनारचा कॅम्पस तेव्हा होताच कुठे, तो 1954 चा!

सुरुवात झाली भायखळ्याजवळ नागपाड्यात, नागपाडा नेबरहुड हाऊसमध्ये. अमेरिकन मराठी मिशनचं हे सेंटर, म्हणजे चर्चवाल्यांचं, 1920 च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या मिशनऱ्याने उभं केलं, आजूबाजूला चाळी, एका खोलीत अख्खं कुटुंब, त्या लोकांसाठी. पुढे हाच माणूस दोराबजी टाटा ट्रस्टचं काम बघायला लागला आणि समाजकार्य शिकवणारी शाळा हवी हे त्याच्याच डोक्यातून आलं, पहिला डायरेक्टरपण तोच. तेव्हा नाव होतं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, टिस हे नाव 1944 पासूनचं.

पैसा टाटांचा होता, त्यात वाद नाही. पण नागपाड्याचं नाव गाळून कसं चालेल? ज्यांनी फॉरवर्ड टाकलाय त्यांनी निदान फोटो तरी बदला.