कासवांच्या हॅचरीत थर्मामीटर कधी येणार?

समुद्र वाचवायचाय, सागरी जीवशास्त्रात करिअर करायचंय म्हणणारी मुलं गोव्यात दोनापावलाच्या एनआयओची (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफईची (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) चौकशी करतात. जरूर करावी. पण हवामान बदलावरच काम करायचं असेल, तर कोकणातली कासवांची हॅचरी, म्हणजे किनाऱ्यावरची अंडी आणून सुरक्षित उबवण्याची जागा, हाताशी आहे, आणि तिथे मोजमाप करणाऱ्यांची वानवा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम सुरू केलं, तेव्हा प्रश्न अंडी पळवणाऱ्या माणसांचा आणि कुत्र्या-कोल्ह्यांचा होता. गावागावांतल्या कासवमित्रांनी तो बऱ्यापैकी आवाक्यात आणला. आताचा प्रश्न वाळूच्या आत, दीडएक फुटावर आहे.

ऑलिव्ह रिडले या इथल्या समुद्री कासवाच्या अंड्यातून नर येणार की मादी, हे घरट्याचं तापमान ठरवतं. २९-३० अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याखाली नर जास्त, वर माद्या. निर्णय होतो तो उबवणीच्या मधल्या एक-तृतीयांश काळात. ३४-३५ च्या वर पारा टिकून राहिला तर पिल्लं अंड्यातच दगावतात. म्हणजे डिसेंबरचं घरटं आणि मार्चचं घरटं यांचा हिशेब एकच असू शकत नाही. तरी बातमी दरवर्षी तीच: इतकी पिल्लं समुद्रात सोडली!

डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारं छोटं यंत्र, फार महाग वस्तू नाही. तो अंड्यांच्या मधोमध ठेवायचा, वरच्या वाळूत नाही. वाढत्या पिल्लांची स्वतःची उष्णता शेवटी शेवटी घरटं अंशभर किंवा जास्तच तापवते, ती बाहेर कळत नाही. दर तासाला नोंद पुरे. हंगामाआधी सगळे लॉगर एकाच बादलीतल्या पाण्यात ठेवून आकडे जुळतात का पाहा, नाहीतर दोन घरट्यांतला फरक वाळूचा की यंत्राचा, कळणार नाही. तुलनेसाठी शेजारच्या रिकाम्या वाळूत त्याच खोलीवर एक लॉगर हवाच.

अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांत. उशीर झाला की गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो, मग अंडं फिरलं की तो मेलाच. नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल, तळाशी फुगीर, तोंडाशी अरुंद. दोन घरट्यांत मीटरभर अंतर. त्याच वाळूत वर्षानुवर्षे हॅचरी केली की कुजलेल्या अंड्यांमुळे बुरशी धरते, जागा बदला.

खरी माहिती मिळते ती पिल्लं निघून गेल्यावर, घरटं उकरल्यावर. घाणेरडं काम आहे, वास असह्य असतो, म्हणून टाळलं जातं. रिकामी कवचं, न फुटलेली अंडी, मेलेली पिल्लं वेगळी मोजायची. बरेच गर्भ अगदी सुरुवातीला मेलेले दिसले तर आधी हाताळणीवर संशय घ्या. पूर्ण वाढून मेलेले असतील तर उष्णता किंवा पाणी शिरलं का ते तपासा. नर-मादी मात्र बाहेरून ओळखता येत नाही, मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला, त्यामुळे मेलेल्या पिल्लालाही वन विभागाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. अर्ज हंगामाच्या बराच आधी करा.

तापमान वाढतंय म्हणून सगळ्या हॅचरीवर सरसकट हिरवी जाळी ताणण्याला माझा विरोध आहे. न मोजता सावली केली तर डिसेंबरची घरटी गार पडून फक्त नरच निघतील. जाळी फक्त उशिराच्या घरट्यांवर, तीही लॉगर बघून.

आणि कासव महोत्सवाला पिल्लं बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती टबात अडवून ठेवणं बंद करा. वाळूतून वर आल्यावर खोल पाण्यात पोहोचेपर्यंतची ताकद पोटातल्या बलकातून येते. टबात फडफडून ती तिथेच संपते. महोत्सवाची वेळ पिल्लांनी ठरवावी. त्या दिवशी एकही निघालं नाही, तर पर्यटकांनी वेळासच्या घरी उकडीचे मोदक खावेत.