बॅटरी चोरीला गेली तर तक्रार द्याच

अख्खी दुचाकी चोरीला गेली की माणूस थेट चौकी गाठतो. बॅटरी, आरसे, साईड पॅनल किंवा टाकीतलं पेट्रोल गेलं, तर मात्र दोन शिव्या घालून गॅरेजवाल्याला फोन लावतो. ही सवय आपण सगळ्यांनी मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुण्यातल्या पेठांमध्ये जुन्या वाड्यांना पार्किंग नाही. गाड्या रात्रभर गल्लीत रांगेने उभ्या. साईड पॅनलचं कुलूप नावापुरतं. आत बॅटरीला रबरी पट्टा आणि दोन स्क्रू. आरसा एका पान्यात सुटतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉकची नळी उपसली की पेट्रोल बाटलीत. हे सगळं काही मिनिटांचं काम आहे.

बॅटरी दीड-दोन हजारांची, म्हणून नुकसान छोटं वाटतं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आल्यावर बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. बॅटरीच नसेल तर अशा बऱ्याच गाड्यांचा पेट्रोल पंप चालत नाही, किक मारूनही उपयोग होत नाही. डिलिव्हरीवर पोट असलेल्या मुलाचा त्या दिवसाचा धंदा बुडतो, वर नवी बॅटरी घ्यायची. आरसे गेलेल्याला चौकात दंडाची पावतीही मिळू शकते. या माणसांकडे बघून मला हा प्रकार किरकोळ म्हणवत नाही.

गाडीपुरतं काय करता येईल? बॅटरीवर आडवी लोखंडी पट्टी बसवून घ्या आणि तिला साध्या स्क्रूऐवजी मध्ये टोक असलेले, चांदणीच्या खाचेचे टॉर्क्स बोल्ट लावा. त्याचा पाना सहसा कुणाच्या खिशात नसतो. आरशाच्या आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे घट्ट धरणारा डिंक, लावा. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही, मग मेकॅनिकही वैतागतो. बॅटरीची बाजू भिंतीकडे करून गाडी लावा. हेल्मेट हुकाला अडकवून ठेवू नका, पट्टा ब्लेडने कापतात. डिस्क लॉक आणि साखळी जरूर वापरा, पण त्याने गाडी वाचते, बॅटरी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरीवरच्या नंबरचा फोटो काढून बिलाबरोबर जपून ठेवा. माल सापडला तरी तो तुमचाच हे सिद्ध करायला दुसरं काही हाताशी नसतं.

आता कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात चोरीचं कलम ३०३ आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली कितीही रकमेची चोरी दखलपात्र होती, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत. आता पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. अशा चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा सामुदायिक सेवेची. पहिल्यांदा चुकलेल्याला संधी मिळावी हे मला मान्य आहे. पण दीड हजाराच्या बॅटरीचा तपासच अडून राहावा, हे मला पटत नाही. या मर्यादेचा फटका दुचाकीवाल्यालाच जास्त बसतो, कारण त्याचे सुटे भाग बहुधा पाच हजारांच्या आतलेच असतात.

तरीही एनसी द्याच. तपासाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. नोंदच नसेल तर त्या गल्लीत काही घडलंच नाही असा अर्थ निघतो. तक्रारीत गेलेली प्रत्येक वस्तू आणि तिची खरी किंमत लिहा. बॅटरी, आरसे आणि पॅनल मिळून पाच हजारांवर गेले तर चित्र बदलतं. चोरी राहत्या इमारतीच्या आतल्या पार्किंगमधून झाली असेल तर ते स्पष्ट लिहा. अशा इमारतीतल्या चोरीसाठी कलम ३०५ वेगळं आहे, तिथे रकमेची अट नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ‘गहाळ’ झाल्याची तक्रार देऊन मोकळे होऊ नका, बॅटरी काही वाटेत पडत नाही. नंबर प्लेट गेली असेल तर एक दिवसही थांबू नका, ती दुसऱ्या गाडीला लावून कुणी काय करेल सांगता येत नाही.

विम्यावर फार विसंबू नका. दुचाकीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत, गाडी सोबत चोरीला गेली नसेल तर नुसत्या ॲक्सेसरीजच्या चोरीची भरपाई मिळत नाही. मूळ भागांचा क्लेम केला तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. बोनस आणि भरपाईचा हिशेब आधी करा.

आणि एक गोष्ट कडवटपणे लिहावी लागतेय. हे भाग कुणीतरी विकत घेतो म्हणूनच चोरीला जातात. जुन्या बाजारातला प्रत्येक विक्रेता चोरीचा माल विकतो असं मी अजिबात म्हणत नाही, प्रामाणिक भंगारवाले भरपूर आहेत. पण चालू स्थितीतली, नंबर खरवडलेली बॅटरी अर्ध्या किमतीत मिळते तेव्हा घेणाऱ्यालाही कळत असतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुना भाग घ्यायचाच असेल तर बिल मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर पुढच्या दुकानात जा.

गल्लीतल्या मंडळांना एक विनंती. बऱ्याच मंडळांचे कॅमेरे मांडवावर रोखलेले असतात, त्यातला एक वर्षभर गाड्यांच्या रांगेकडे वळवा. आणि एका रात्रीत तीन-चार गाड्या उघडल्या गेल्या असतील तर सगळ्या मालकांना बरोबर घेऊन, फुटेजसकट चौकीत जा.