चौथ्या दिवशीची करवंटी

पालकसभेहून आले ती पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता लिहायला बसलेय. कुकर लावलाय. तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं, बाकीचं नंतर. लांब होणार आहे, आधीच सांगते.

लेक चार वर्षांची, ज्युनियर केजीत. शाळेचं नाव इनबॉक्सात विचारू नका, तुमच्या कोपऱ्यावर जी आहे तीच समजा. फाटकावर रंगीबेरंगी फलक आहे, 'आम्ही खेळातून शिकवतो'. आत वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक, त्यात साडेदहा ते अकरा 'फ्री प्ले'. मी आपलं सहज विचारलं, या अर्ध्या तासात काय करता? बाई म्हणाल्या, "टोपली ओततो ना मॅडम. मुलं खेळतात, तेवढ्यात आमच्या वह्या तपासून होतात."

टोपली ओततो!

टोपली मी पाहिली. वेगवेगळ्या सेटमधले, एकमेकांत न बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे, तीन चाकांची एक गाडी, डोकं नसलेली बाहुली. वर्षभर तीच टोपली आणि तोच अर्धा तास. शेवटी ठोकळे एकमेकांना फेकून मारण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही, मग "बघा, खेळायला दिलं की दंगा करतात" म्हणायला आपण मोकळे.

एवढ्यात मागून एक बाबा म्हणाले, "खेळायला घर आहेच की. इथं शिकायला पाठवतो आम्ही. एक ते शंभर कधी होणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. मी गप्प बसले. रस्ताभर जो संताप होत होता तो त्या बाबांचा की स्वतःचा, कळत नव्हतं.

आता आत्याची गोष्ट. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांनी ती ऐकली असेल, परत ऐका.

माझी आत्या गावात बालवाडी चालवायची, देवळाच्या ओवरीत. मी तिच्याच बालवाडीतली. (घरी आत्या, ओवरीत ताई. दोन्हीत माझा इतका गोंधळ व्हायचा की एकदा घरी जेवताना मी "ताई, शी ला जाऊ?" म्हणून बोट वर केलं होतं.) खेळणी म्हणाल तर चिंचोके, सागरगोटे, करवंट्या, काडेपेट्यांची खोकी, चिंध्यांचे चेंडू. एक मुलगा होता, सदा शेंबडा, सदा रडका. आला की चिंचोक्यांपाशी बसायचा, करवंटी भरायचा आणि उपडी करायचा. भरायचा, उपडी करायचा. तीन दिवस हेच. मदतनीस बाईंना वाटलं, पोर मंद आहे. आत्या काही बोलली नाही, लांबून बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने येता-जाता त्याच्याजवळ दुसरी करवंटी ठेवली. जरा मोठी. सांगितलं काही नाही, नुसती ठेवली.

त्याने लहान करवंटी भरली आणि मोठीत ओतली. भरेना. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. तिसऱ्यांदा ओतल्यावर काठोकाठ झाली. मग त्याने मान वर केली आणि म्हणे ओरडला, "ताई, ही लई खाते!"

आत्याने एवढंच विचारलं, "किती खाते?"

(शिट्टी. आले.)

हां. तर "किती खाते?" पुढच्या आठवड्यात ओवरीत दुकान-दुकान सुरू झालं. त्या दुकानाचं मापटं कुठलं, तर तीच लहान करवंटी! पण दुकान असंच सुरू नाही झालं. आधी सगळी पोरं हात धरून गुरुवारच्या बाजारात. तिथे विकत काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी गोल बसून ठरवायचं की आपल्या दुकानात काय काय ठेवायचं, गल्ल्यावर कोण बसणार, पैसे कशाचे करायचे. मग खेळ. आणि खेळ संपला की परत गोलात: आज काय काय झालं, काय फसलं? एकदा म्हणे दुकानदाराने सगळा माल उधारीवर देऊन टाकला आणि मग रडत बसला. दुसऱ्या दिवशी पोरांनी वही आणली. रेघोट्यांची का होईना, पण उधारीची वही. लिहायचं कशासाठी असतं हे त्या पोरांना कुठल्याही वर्कशीटच्या आधी कळलं होतं.

अमेरिकेत हायस्कोप नावाची बालशिक्षणाची पद्धत आहे. तिचा गाभाच हा आहे, आधी ठरवा, मग करा, मग काय केलं ते आठवून सांगा. मला हे परवा-परवा कळलं. आत्या हे नाव न ऐकताच गेली.

ती बालवाडीचं शिकली होती डहाणूजवळच्या कोसबाडला. तिथे खेड्यातल्या, आदिवासी पोरांसाठी बालशिक्षण उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या मातीतला आहे आणि आज देशभर चालतो. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर थेट कुरणशाळा! मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडायची नाहीत म्हणून बिया, शिंपले, दगड, पानं यांतून साधनं उभी केली. चिंचोका हा गरिबीतला नाइलाज नव्हता हो. तो कुणीतरी डोकं लावून निवडलेला होता. चिमटीत धरता येतो, गुळगुळीत, मोजता येतो, चवड मात्र होत नाही. चवड करायची वेळ आली की काडेपेटीची खोकी यायची. कशानंतर काय, हे आत्याच्या डोक्यात पक्कं असायचं. पोरांना वाटायचं, आपण खेळतोय.

आणि आपण काय केलं? ओवरीतून एसी वर्गात आलो आणि टोपली ओतली.

कुणीतरी लिहील, चिंचोके नाकात घालतात मुलं. घालतात. आत्या देताना मोजून द्यायची आणि घेताना मोजून घ्यायची, पोरांकडूनच. झालं समाधान?

आणखी कुणी म्हणेल, आत्याकडे अठरा मुलं होती, इथे पस्तीस असतात. मान्य. पुढे.

आता दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे येते. "मुलांना नुसतं मोकळं सोडा गं, आपोआप शिकतात." काही आपोआप होत नाही. ती करवंटी आपोआप चालत आली नव्हती! तीन दिवस कुणीतरी डोळ्यात तेल घालून बघत होतं, म्हणून चौथ्या दिवशी ती बरोबर जागी आली. पहिल्याच दिवशी ठेवली असती तर त्याने लाथाडली असती, दहाव्या दिवशी ठेवली असती तर तोवर तो कंटाळून उठून गेला असता. मोकळं हुंदडणंही लागतंच, नाही म्हणत नाही, आत्याही दुपारी सगळ्यांना पारावर सोडून द्यायची. पण हुंदडणं वेगळं आणि हे वेगळं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. २०२२ मध्ये त्याचा आराखडाही आला. कागद चांगलाच आहे. पण चौथ्या दिवशी काय ठेवायचं हे कागदाला कसं कळणार? ते बाईंना कळायला हवं, आणि त्यासाठी बाईंना बघायला वेळ हवा, आणि बाई तर वह्या तपासतायत.

(कुकर बंद केला. चार झाल्या शिट्ट्या. डाळीचं पिठलं झालंय.)

वर त्या बाईंबद्दल जे लिहिलं ते आता वाचून बघितलं. जरा जास्तच झालं. बावीस-तेवीसची असेल पोरगी. पस्तीस मुलं, प्रत्येकाच्या तीन वह्या, रोज सही, वर पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे. एखाद्या दिवशी वहीत लाल शेरा दिसला नाही की संध्याकाळी कुणीतरी विचारतंच, "आज काही शिकवलं नाही का?" अंगणवाडीतल्या ताईंचं तर विचारूच नका. आहार, वजनं, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाईलवरची माहिती, आणि मानधन केवढं! डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संपावर गेल्या होत्या तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी एक ओळ लिहिली? मीही नाही लिहिली.

आणि ते 'कुणीतरी' कोण, तेही सांगून टाकते. जूनमध्ये मीच त्या बाईंना विचारलं होतं, "पेन्सिल कधी धरायला देणार?" मी! आत्याची भाची! शेजारचं पोर ए टू झेड लिहितं म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. उद्या पहिलीच्या प्रवेशाला काही विचारलं तर? त्या बाबांना मी सभेत उत्तर दिलं नाही कारण तो प्रश्न जूनमध्ये माझाच होता.

खरं सांगायचं तर करवंटीची गोष्ट मला स्वतःला नीट आठवतही नाही. ओवरीच्या फरशीवर चिंचोके उपडे व्हायचे त्याचा सडसड आवाज तेवढा आठवतो. बाकी सगळं आत्याने दर दिवाळीला सांगितलेलं. दरवर्षी सांगताना "तीन दिवस" म्हटलं की थांबायची, पाणी प्यायची, मग "चौथ्या दिवशी..." आम्ही सगळे वैतागायचो, पटकन सांग ना म्हणून. आज वाटतंय, ती ते मुद्दाम करायची.

आईला फोन केला होता मघाशी. चिंचोके आहेत का विचारलं. म्हणाली, चिंच फोडलेली आहे, ठेवते धुऊन वाळवून. दोन पिशव्या मागवल्यात. एक आमच्यासाठी. दुसरी घेऊन सोमवारी त्या बाईंकडे जाईन म्हणते. त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. आधी सॉरी म्हणेन बहुतेक.

तोवर घरात राजमा होता. मूठभर राजमा आणि एक वाटी लेकीपुढे ठेवली. भरायला लागली. ओतलं, भरलं, ओतलं. मला कुठला दम! पाचव्या मिनिटाला मोठा वाडगा आणून शेजारी ठेवला आणि वर विचारलंसुद्धा, "यात किती मावतील गं?"

तिने वाडगा कोपराने बाजूला सरकवला. "आई, तू नको ना मध्ये."

वाडगा ओट्यावर ठेवून आलेय. ती अजून भरतेय, उपडी करतेय. आज पहिलाच दिवस आहे.