एमडीए वाढला म्हणून डिमेन्शिया होतो का?

सध्या फिरणारा मजकूर असा: साठीनंतर रक्तातला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ (ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी पेशींवर येणारा ताण) तपासा, एमडीए (मॅलोनडायअल्डिहाइड, या ताणाने चरबी बिघडली की बनणारा पदार्थ) जास्त निघाला तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणार, व्हिटॅमिन ई-सी घेतलं की टळणार.

‘एमडीए म्हणजे मेंदूची झीज.’ रक्तातला एमडीए कुठल्या अवयवातून आला, हे रिपोर्टवरून कळत नाही. सिगारेट, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांनीही तो वाढतो. त्यात मोजायची रीत ढिसाळ. स्वस्त टीबार्स चाचणीत नमुना थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत सुमारे ९५ अंशांवर तापवतात आणि गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला मोजतात. या मोजणीत साखर, बिलिरुबिन, इतर अल्डिहाइडंही लुडबुडतात, आणि तापवतानाच नवा एमडीए तयार होतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा बिघडतो. आयसोप्रोस्टेन, म्हणजे चरबी बिघडल्याची दुसरी खूण, जास्त भरवशाचं. पण प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) उणे २० अंशांत ठेवला तर ते नळीतच बनत राहतं. त्याला उणे ८० अंश लागतात, शिवाय बीएचटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन. लघवीतल्या ८-ओएचडीजीला (डीएनए बिघडल्याची खूण) क्रिएटिनिनने (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) भागतात. म्हातारपणी स्नायू घटून क्रिएटिनिन उतरलं की उत्तर आपोआप फुगतं. ‘टोटल अँटिऑक्सिडंट’ची तर गंमतच: तो मोजायच्या फ्रॅप नावाच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त वाटा युरिक ॲसिडचा, म्हणजे युरिक ॲसिड वाढलेल्या गाउटवाल्याचा रिपोर्ट झकास!

‘वाढला की होणारच.’ अल्झायमर रुग्णांच्या गटाची सरासरी बऱ्याच अभ्यासांत जास्त दिसते, खरं आहे. पण रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एकट्या माणसाचं भाकीत त्यावरून होत नाही.

‘गोळ्यांनी टळेल.’ प्रीअ‍ॅडव्हाइज चाचणीत साठीपुढच्या ७,५४० पुरुषांना रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई, २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, दोन्ही किंवा औषध नसलेली गोळी दिली. २०१७चा निकाल: डिमेन्शिया कमी झाला नाही. ती ज्या सिलेक्ट चाचणीचा भाग होती, तिथे नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१२च्या एका लहान चाचणीत अल्झायमर रुग्णांना ई, सी आणि अल्फा-लिपोइक ॲसिड १६ आठवडे दिलं. पाठीच्या पाण्यातलं आयसोप्रोस्टेन १९ टक्के उतरलं, अमायलॉइड-टाऊ ही अल्झायमरशी जोडलेली प्रथिनं जागच्या जागी, आणि स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण मात्र जास्त वेगाने घसरले. रिपोर्ट सुधारला, रुग्ण नाही.

२०१४मध्ये २,००० आययू ई घेणाऱ्या अल्झायमर रुग्णांची रोजची कामं थोडी जास्त काळ टिकली, हेही नोंदवायला हवं. पण ते आजार झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीत. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर इतक्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो.

विसरणं वाढलंच असेल तर त्या ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ तपासण्यांच्या पैशांत बी१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि कानांची तपासणी करून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ आधी.