रेग्युलेटर पाचवर, पंखा दोनवर

मे महिन्याची रात्र, रेग्युलेटर पाचवर आणि पंखा रेंगाळतोय. की लगेच घरात ठराव: ‘व्होल्टेज कमी आहे’, नाहीतर ‘नवाच घेऊ’. अहो, आधी कपॅसिटर बघा, मोटरला फिरायचा जोर देणारी ती छोटी डबी! छताच्या बहुतेक साध्या पंख्यांना (बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचे, सोडून) २.५ मायक्रोफॅरड क्षमतेचा लागतो. उष्णतेने त्याची क्षमता घटत जाते आणि तसा वेग मरतो. मेन स्विच बंद करा, मोटरवरची वाटी सरकवा, जुन्याची टोकं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने जोडून चार्ज घालवा, त्याच आकड्याचा नवा बसवा. झालं! ‘जोरात फिरेल’ म्हणून ४ चा ठोकणारे महाभाग वेगळेच. मग वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं. आणि पात्यांच्या कडेला साचलेली ती काळी धूळ? ती पुसायलाही मिस्त्रीच बोलवायचा का?