ब्लॉकचेनवर नोंद झाली म्हणून मॉडेल निर्दोष ठरत नाही

न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलच्या, प्रशिक्षणात कोणी काय मिसळले हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, ही भीती खरी आहे. कर्जाचे अर्ज, क्ष-किरण चित्रे, नोकरीचे अर्ज यांवर मॉडेल मत देऊ लागल्यापासून ती वाढली, आणि वाढायलाच हवी होती. त्यावर उतारा म्हणून एक दावा जोरात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: प्रशिक्षण ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदी एकमेकींना जोडून अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक नोंदवहीत, आणले की डेटात विष कालवता येत नाही, प्रत्येक पायरी हजारो संगणक तपासतात, बहुमतापुढे लबाडाचे काही चालत नाही, आणि नोंद कायमची असल्याने कोणावरही विश्वास ठेवायची गरज उरत नाही. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

‘डेटा बदलता येत नाही, म्हणून विष कालवता येत नाही.’

साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, सहसा डेटा जात नाही, त्याचा हॅश (फायलीतून गणिताने काढलेला, तिच्या ठशासारखा छोटा आकडा) जातो. एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश फक्त ३२ बाइटचा असतो, आणि मूळ फायलीतला एक बिट बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. इथवर दावा बरोबर आहे. पण हॅश सांगतो ते एवढेच, की नोंद झाल्यानंतर फाइल बदललेली नाही. नोंद करतानाच तिच्यात काय होते, याबद्दल तो गप्प असतो.

२०१७ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी ‘बॅडनेट्स’ नावाचा प्रयोग केला. वाहतुकीच्या पाट्या ओळखणाऱ्या नेटवर्कला शिकवताना त्यांनी ‘थांबा’च्या काही पाट्यांवर छोटा पिवळा चिकटकागद दाखवला आणि त्या चित्रांना ‘वेगमर्यादा’ असे लेबल दिले. तयार झालेले मॉडेल साध्या पाट्या नेहमीसारख्याच ओळखत होते. चिकटकागद दिसला की मात्र ‘थांबा’ची पाटी त्याला वेगमर्यादेची वाटे. त्या डेटाचा हॅश साखळीवर टाकला असता, तर तो रोज तंतोतंत जुळला असता. विष आडातच असेल तर पोहरा सीलबंद करून काय साधणार?

आणि असे विष फार लागतही नाही. २०२५ मध्ये अँथ्रोपिक ही एआय कंपनी, ब्रिटनची एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट आणि अ‍ॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट यांनी ६० कोटी ते १३०० कोटी पॅरामीटरच्या (प्रशिक्षणात ठरणाऱ्या मॉडेलमधल्या आकड्यांच्या) मॉडेलांवर प्रयोग केले. ठरावीक शब्द दिसताच मॉडेलने निरर्थक मजकूर ओकावा, असा चोरदरवाजा बसवायला सुमारे २५० दस्तऐवज पुरले. मॉडेल मोठे झाले म्हणून हा आकडा वाढला नाही.

एका ठिकाणी हॅशचा खरा उपयोग होतो, तो नाकारू नये. ‘लायन-४००एम’ या प्रशिक्षणासाठीच्या संचात चित्रे नसतात, चित्रांच्या लिंक आणि त्यांची वर्णने असतात. यातल्या अनेक लिंकांची डोमेन नावे मुदत संपून विक्रीला आली होती. ती विकत घेऊन संचातला ०.०१ टक्के भाग अवघ्या ६० डॉलरमध्ये ताब्यात घेता येतो, हे संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. यादीसोबत प्रत्येक चित्राचा हॅश दिला तर असे बदललेले चित्र पकडले जाते. (संकेतस्थळाने चित्राचा आकार सहज कमी केला तरी हॅश जुळत नाही, त्यामुळे काही निर्दोष चित्रेही गळतात.) पण यासाठी साखळी कशाला? हॅशची यादी आणि तिच्यावर प्रकाशकाची डिजिटल सही, एवढे पुरते.

डेटाला हातही न लावता घोळ घालता येतो, हे तर या दाव्यात कुठेच नसते. त्याच डेटाच्या बॅच (एका वेळी दिले जाणारे गठ्ठे) कोणत्या क्रमाने द्यायच्या, एवढेच बदलून प्रशिक्षण बिघडवता येते आणि चोरदरवाजाही बसवता येतो, हे २०२१ मध्ये दाखवले गेले. पुढच्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ शफी गोल्डवासर आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की काही प्रकारच्या प्रशिक्षणात फक्त यादृच्छिक आकड्यांत लबाडी करून असा चोरदरवाजा ठेवता येतो, की संपूर्ण मॉडेल उघडून पाहिले तरी तो सापडू नये. म्हणजे क्रम आणि सीड (यादृच्छिक आकडे ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) यांचीही नोंद हवी. आणि सीड मॉडेल बनवणाऱ्याने निवडलेले नसावे, ते कोणाच्याच हातात नसलेल्या सार्वजनिक स्रोतातून यावे.

‘प्रत्येक पायरी हजारो संगणक तपासतात.’

सगळ्यात जास्त दिशाभूल हे वाक्य करते. ७०० कोटी पॅरामीटरचे मॉडेल, प्रत्येकी २ बाइट धरले, तर एक चेकपॉइंट (प्रशिक्षणाच्या मध्ये जतन केलेली मॉडेलची प्रत) १४ जीबीचा होतो. बिटकॉइनच्या साखळीतला ब्लॉक (नोंदींचा एक गठ्ठा) फार तर ४ एमबीचा आणि सरासरी १० मिनिटांनी एक येतो. बाकी सगळे व्यवहार थांबवले तरी एका चेकपॉइंटला ३,५०० ब्लॉक, म्हणजे २४ दिवस लागतील. इतर साखळ्या वेगवान आहेत, तरी चेकपॉइंट असे हजारो संगणकांवर साठवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून पुन्हा हॅशच जातो. मग त्या हजारो संगणकांनी तपासले काय? ३२ बाइट योग्य जागी बसले, एवढेच. ग्रेडियंट (मॉडेलचे आकडे कोणत्या दिशेने किती बदलायचे, हा प्रत्येक पायरीचा हिशेब) कोणीही काढून पाहिलेला नसतो.

पायरी खरोखर तपासायची तर ती पुन्हा चालवावी लागते, आणि तिथे नवीच अडचण येते. संगणकावर ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग त्यात ०.३ मिळवा: उत्तर ०.६००००००००००००००१ येते. आधी ०.२ आणि ०.३ मिळवून मग ०.१ मिळवा: ०.६ येते. जीपीयूवर, म्हणजे प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या चिपवर, अशा असंख्य बेरजा एकाच वेळी चालतात आणि त्यांचा क्रम दर वेळी तोच असेल असे नाही. जीपीयू किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली की शेवटचा अंक हलतो, आणि हजारो पायऱ्यांनंतर तो फरक चांगलाच वाढलेला असतो. हॅशला ‘जवळपास सारखे’ समजत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही हॅश जुळत नाहीत.

यावर तोडगा म्हणून २०२१ मध्ये ‘प्रूफ ऑफ लर्निंग’ ही पद्धत मांडली गेली: अधूनमधून चेकपॉइंट ठेवायचे, तपासनीसाने मधले काही टप्पे पुन्हा चालवायचे आणि थोडा फरक चालवून घ्यायचा. वर्षभरातच दुसऱ्या गटाने त्या ‘थोड्या फरका’त बसणारे खोटे पुरावे कमी खर्चात तयार करून दाखवले. शून्य-ज्ञान पुराव्यांकडून मला जास्त आशा आहे, कारण त्यात पायरी पुन्हा न चालवता तिची गणिती खात्री मिळते. पण २०२४ मधल्या ‘कायझेन’ या पद्धतीत सुमारे १ कोटी पॅरामीटरच्या व्हीजीजी-११ नेटवर्कच्या एकेका पायरीचा पुरावा बनवायला १५ मिनिटांच्या आसपास लागतात. हे काम पुढे जायलाच हवे, आणि त्याचे बळ गणितात आहे. पुरावा साखळीवर ठेवला काय किंवा ईमेलने पाठवला काय, तो तितकाच पक्का राहतो.

‘बहुमत प्रामाणिक असले की झाले.’

अनेक संस्था आपापला डेटा स्वतःकडेच ठेवून फक्त ग्रेडियंट पाठवतात, तेव्हा हा युक्तिवाद येतो. पण साखळीवरचे बहुमत ठरवते ते कोणती नोंद कोणत्या क्रमाने आली हे. आलेला ग्रेडियंट खरा की बनावट, हे ते ठरवत नाही. ग्रेडियंटची साधी सरासरी घेतली तर एकटा लबाड सहभागी निकाल हवा तिकडे ओढू शकतो, हे २०१७ मध्येच सिद्ध झाले. त्यावरचे उपाय इतरांपेक्षा फार वेगळा दिसणारा ग्रेडियंट बाजूला टाकतात. दुर्मीळ आजाराचे रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयाचा ग्रेडियंटही वेगळाच दिसतो. त्याचे काय करायचे, हे साखळी सांगू शकत नाही.

‘नोंद कायमची, म्हणून विश्वासाची गरज नाही.’

२०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डीएओ’ या सामाईक गुंतवणूक निधीतून पैसे पळवले गेल्यावर इथेरियमच्या बहुसंख्यांनी साखळीची दिशाच वळवली. कायमपणा माणसांच्या संमतीवरच उभा असतो. शिवाय तो नेहमी हवासाही नसतो. ‘लायन-५बी’ संचात बालशोषणाच्या चित्रांच्या लिंक आढळल्याने तो डिसेंबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला. अशी यादी कधीच पुसता येणार नाही अशा ठिकाणी असती तर?

एकमेकांवर विश्वास नसलेल्या संस्थांना सामाईक नोंदवही हवी असेल आणि ती कोणा एकाकडे ठेवायला कोणीच तयार नसेल, तर ब्लॉकचेनचा विचार जरूर करावा. पण फेरफार लगेच उघडा पाडणारी नोंदवही ब्लॉकचेनच्याही आधीची आहे. हेबर आणि स्टोर्नेटा यांनी तिची कल्पना १९९१ मध्ये मांडली. २०११ मध्ये संकेतस्थळ खरे असल्याची प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी झाली, त्यानंतर आलेली ‘सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी’ आज संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अशाच नोंदवहीत ठेवते. त्यात ना नाणे आहे, ना मायनिंग.

त्यामुळे ‘ब्लॉकचेनवर प्रशिक्षित’ असे मॉडेल कोणी पुढे केले, तर चार गोष्टी लेखी मागाव्यात: हॅश काढण्यापूर्वी डेटा कोणी आणि कसा तपासला, बॅचचा क्रम आणि सीड कुठून आले, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या आवृत्तीवर प्रशिक्षण पुन्हा चालवता येते, आणि ते बाहेरच्या कोणी खरोखर चालवून पाहिले आहे का.